लागून राह्यला

बाई,

'होऊन राह्यलं' हे दोन शब्द मला आयुष्यात कितीला पडले, याचा हिशेब आज करून पाहिला. पैशांचा नाही, पैशांचा हिशेब ठेवायला आता माणूस आहे. पित्ताच्या गोळ्या, त्या मोजण्यापलीकडच्या. सख्ख्या भाचीचं लग्न, जिथं मी अक्षता पडून गेल्यावर पोचलो आणि मांडवाच्या दारातच फोन कानाला लावून पुन्हा हेच दोन शब्द कुणाला तरी ऐकवत उभा राहिलो. एक जुना दोस्त, जो अजून भेटला की थांबतो, पण पूर्वी 'काय म्हणतं बे' म्हणायचा तो आता 'काय म्हणता' म्हणतो. डोक्यावरचे केस यात धरत नाही, ते आमच्या वडलांचेही गेले होते. पण कित्येक वर्षांची शांत झोप धरतो. एवढी किंमत, आणि माल काय मिळाला? समोरच्याचं तोंड दहा मिनिटं बंद.

मी कोण ते आठवायला तुम्हाला वेळ लागणार नाही. बीबी गावाहून आलेला, नांदुऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजात तुमच्या हाताखाली बसलेला, पहिल्याच दिवशी हेडफोन उलटा घालून 'आवाजच येत नाही बाई' म्हणून तक्रार केलेला. तुम्ही हसल्या नव्हत्या. तो काढून सरळ घातला आणि म्हणालात, "कान चांगले आहेत तुझे, आता जागेवर आले." कान खरोखरच चांगले होते. हॅलोवरून मला कळायचं की बोलणारा मलकापूरचा आहे की खामगावचा, जेवून बोलतोय की उपाशी, आणि शेजारी बायको उभी आहे की मुनीम. पुढे याच कानांवर मी धंदा केला. पण कान असणं वेगळं आणि कानात किती घ्यायचं ते कळणं वेगळं, हे शिकायला मला तुमच्याकडचा एक दिवस लागला आणि नंतरची वीस वर्षं तो दिवस विसरण्यात गेली.

तुम्ही गेलात तेव्हा आपल्या भागात सॉफ्टवेअर हा शब्द कुणी ऐकला नव्हता. आता माझं तेच दुकान आहे. बुलढाण्यात, औषधाच्या दुकानाच्या वर दोन खोल्या, आणि दहा-बारा पोरं-पोरी. जिनिंगवाल्यांचे, पतसंस्थांचे हिशेब यंत्रावर होतील असे प्रोग्रॅम लिहितात, पुण्याच्या पार्ट्यांचीही कामं घेतात. हे काय प्रकरण आहे ते तुम्हाला एका वाक्यात सांगतो: आपलाच बोर्ड, फक्त वायरी दिसत नाहीत, आणि वरडणारे शेठ तेच. मी स्वतः चाळिशीनंतर शिकलो, पुस्तक उशाशी घेऊन, कुणाच्या चिठ्ठीशिवाय. आणि आज छाती काढून सांगतो, माझ्याकडे संध्याकाळी माणूस घरी जातो. रविवारी ऑफिसला कुलूप. असं दुसरं ऑफिस जिल्ह्यात असेल तर दाखवा. कोणी शहाणपणा करून येऊन बसू नये म्हणून किल्ली मी घरी नेतो.

पण पत्र लिहायला बसलो ते त्या दिवसासाठी. दिवाळी उलटून गेलेली, कापूस बाजारात यायला लागलेला. आपला दुसरा ऑपरेटर मेव्हणीच्या साक्षगंधाला गेलेला. तुम्ही सकाळच्याच गाडीनं ऑफिसचे कागद घेऊन अकोल्याला गेलेल्या आणि जाताना म्हणालेल्या, "दुपारच्या पॅसेंजरनं येते. घाबरू नको, बोर्ड काही चावत नाही." मी एकटा बोर्डासमोर बसलेला. कोणी घरी फोनची दांडी फिरवली की त्याच्या नंबराची पत्र्याची चिमुकली झडप पडते, टक्. मी प्लग खुपसतो, विचारतो, "नंबर?" गावातल्या गावात असेल तर सोपं. मुंबईचा असेल तर नोंदवून घ्यायचा, अकोल्याला सांगायचा, अकोला मुंबईला सांगणार, आणि मग वाट पाहायची. बाहेर जाणाऱ्या लाइनी दोन. कापसाचा भाव विचारणारे अडते मात्र अख्खी पेठ.

आपल्या बोलीत एक सोय आहे, तुम्हाला काय सांगायची. जेवून राह्यलो, येऊन राह्यलो, लागून राह्यला. काम सुरू आहे, संपलेलं नाही, पण संपणारच आहे असं ऐकणाऱ्याला वाटतं. पहिल्या शेठला मी "लागून राह्यला" म्हणालो तेव्हा ते खरं होतं. दुसऱ्याला म्हणालो तेव्हा निम्मं खरं होतं. त्यानंतर ते नुसतं तेल होतं, कुरकुर आली की सोडायचं. पण ज्याला 'लागून राह्यला' सांगितलं तो दहा मिनिटांनी पुन्हा दांडी फिरवतो, कारण त्याला वाटतं आता लागलाच असेल. दुपारपर्यंत बोर्डावर नवं काम येणं जवळजवळ बंद झालं होतं. पडत होत्या त्या सगळ्या जुन्या कामाची चौकशी करणाऱ्या झडपा. टक्, टक्, टक्. घशाला कोरड पडलेली आणि समोरच्या माठापर्यंत जायची सोय नाही.

एक अडते तर फोन सोडून स्वतःच धोतर सावरत येऊन दारात उभे राहिले. "काऊन बे, सकाळपासून लागूनच राह्यला का? अबे, एवढ्या वेळात लग्न लागते, पोरगं होते, पोरगं शाळेत जाते!"

"लाइन बिझी आहे शेठ. लागूनच राह्यला."

"तुह्या तोंडात मशीन बसवली काय बे?"

आणि दाराजवळच्या बाकावर ती बाई. मोताळ्याकडच्या खेड्यातली, पहिल्या गाडीनं आलेली, मांडीवर कापडी पिशवी. तिच्या मालकाचं चार दिवसांपूर्वी मुंबईच्या दवाखान्यात मोठं ऑपरेशन झालेलं. "येऊ का नोको येऊ, एवढंच इचाराचं हाये, भाऊ," ती मला म्हणाली होती. यायचं असेल तर संध्याकाळची मुंबईची गाडी नांदुऱ्याहून पकडायची, नसेल तर घरी परत जायचं, कारण लेकरं शेजारणीकडे आणि कपाशी फुटून शेतात उभी. तिचा कॉल मी सकाळीच नोंदवला होता. ती दांडी फिरवत नव्हती, वरडत नव्हती, म्हणून माझ्या डोक्यात ती सगळ्यात मागे. दर तासाला नुसती मान वर करायची आणि मी न विचारताच म्हणायचो, "लागून राह्यला, मावशी."

दुपारी मुंबईची ऑपरेटर कानात आली. गोड, घाईची, तिकडची बोली. "नांदुरा, हॉस्पिटल आलंय. बोलणारी पार्टी देताय ना?" माझ्या एका हातात दोन प्लग, दुसऱ्या हातात तिसरा, कोणीतरी शेठ वरडत असलेला. मी ओरडलो, "लागून राह्यला बाई, लागून राह्यला!" आणि बाकाकडे पाहून हात केला, "मावशी, धावा, उचला!" ती पिशवीसकट धावली, कोपऱ्यातला फोन उचलला, कानाला लावला. तिच्या चेहऱ्याकडे पाहत मी दुसऱ्या झडपेत प्लग घातला. थोड्या वेळानं ती म्हणाली, "यात तं कोणीच नाई बोलून राह्यलं."

मला वाटलं, लाइन तुटली. पुन्हा अकोल्याच्या मागे लागलो. अर्ध्या तासानं मुंबई भेटली तेव्हा ती म्हणाली, "तो कॉल तर झाला ना? तुम्हीच म्हणालात, लागून राहिलाय."

बाई, तुम्ही अमरावतीच्या, पण तुमच्या कानाला पुण्यामुंबईचीही सवय होती. मला त्या क्षणी कळलं. आपल्याकडे 'लागून राह्यला' म्हणजे लागतो आहे. तिच्या कानाला ते 'लागलेला आहे, तसाच राहिलेला आहे' असं गेलं. तिला वाटलं, मी माणसं जोडून दिली, बोलणं सुरू आहे, आता आपलं काम नाही. ती बाजूला झाली. तिकडे वॉर्डातल्या कोणीतरी दोनदा हॅलो केलं असेल, मावशी फोनपर्यंत पोचायच्या आत, आणि इकडून काही नाही म्हणून ठेवून दिला असेल. जे दोन शब्द सकाळपासून मी तेलासारखे वापरत होतो त्यांनी एकुलता एक खरा लागलेला कॉल घसरवला.

मी हेडफोन गळ्यात तसाच ठेवून उठलो आणि मागच्या नळावर जाऊन उभा राहिलो. नळाला पाणी नव्हतं. आत झडपा पडत होत्या. मनात बीबीच्या रस्त्याचा हिशेब चालू झाला होता: मेहकरपर्यंत एक गाडी, पुढे दुसरी, आणि उद्यापासून भावाबरोबर भाजीचे वाफे. वांग्याचं रोप तरी दांडी फिरवत नाही.

तेवढ्यात टांगा थांबला. तुम्ही उतरल्या, छत्री काखेत, आणि मला त्या कोरड्या नळाखाली पाहिलंत.

"काय बाबू, आंघोळ करून राह्यला का?"

"बाई, मी जातो. मले हे जमत नाही. सगळे माह्याच अंगावर येऊन राह्यले."

"कोण कोण आहेत अंगावर?"

मी सांगायला लागलो. शेठांची नावं, त्यांचे नंबर, कोण कितीदा वरडलं. तुम्ही ऐकत होतात आणि मध्येच विचारलंत, "याईतल्या किती जणाईले तू 'लागून राह्यला' म्हणलं?"

"सगळ्याईले."

"मंग ते अंगावर नाही आले. तूच बोलावून बसवले. ज्याले लागून राह्यला म्हणशील ना, तो तिकडून उठून तुह्या डोक्यात येऊन बसते. जागा तरी किती आहे तिथं?" मग छत्री माझ्या हातात देत म्हणालात, "एक कानात, एक हातात, एक बाकावर. बाकीच्याईले घरी पाठव."

"ते वरडतील बाई."

"वरडू दे. ते तुह्यावर नाही वरडत, लाइनीवर वरडतात. तू तर मधातली तार. तारेले राग येते का?"

"राग नाही येत. तापते बाई."

तेव्हा तुम्ही हसल्या. "तापते ना? मंग आधी दोन घोट पाणी पी. अन् पैले बाकावर जाय."

बाकाकडे जायची पावलं मला अजून आठवतात, शेठांकडे जाण्यापेक्षा जड होती. त्या बाईला मी पहिल्यांदा खरं सांगितलं. तुमचा फोन आला होता, माझ्या बोलण्यामुळे मुंबईला वाटलं की तुमचं बोलणं सुरू झालं, म्हणून तुटला. पुन्हा मागतो. गाडीच्या आधी लागेलच असं नाही. नाही लागला तर गाडीत बसा.

मला वाटलं, ही रडेल किंवा शिव्या देईल. तिनं नुसता मोठा श्वास सोडला. "असं होय? म्या तं समजली, तिकडून काही वाईट आलं अन् तुमी मले सांगू नाई राह्यले."

सकाळपासून ती त्या बाकावर विधवा होऊन बसली होती, बाई. माझ्या दर तासाच्या 'लागून राह्यला'नं तिचा मालक दर तासाला मरत होता. तुम्ही बोर्डाजवळ उभ्या होत्या, तुम्हीही ते ऐकलं. मला खुर्ची सरकवून दिली.

मग मी एकेक झडप घेतली. "शेठ, तुमचा मुंबईचा नंबर आज लागणार नाही. उद्या सकाळी पहिला तुमचा." पहिल्यानं मला माझ्या पूर्वजांसकट आठवून घेतलं आणि मग म्हणाला, "अबे, नाही लागत तं सकाळीच सांगाचं ना! मी तार करून मोकळा झालो असतो." दुसरा म्हणाला, "बरं, मी मलकापूरले जातो, तिथून पाह्यतो." दारात आलेले ते धोतरवाले अडते तर म्हणाले, "हाव, आता कसा माणसासारखा बोलला!" आणि जाऊन झोपले असावेत, कारण त्यांची झडप पुन्हा पडली नाही. मला वाटलं होतं, 'नाही' म्हटलं की आभाळ कोसळेल. झालं एवढंच की बोर्ड शांत झाला. मी इतका वेळ ज्या गोंगाटाला काम समजत होतो तो कामाचा नव्हताच.

लाइन मोकळी झाली तशी तुम्ही दुसरा हेडफोन लावलात आणि मुंबईशी तुमच्या त्या ठेवणीतल्या भाषेत बोललात. "ताई, आमच्याकडे 'लागून राह्यला' म्हणजे अजून लागतो आहे, बरं का." पलीकडून हसू ऐकू आलं. "अगंबाई! आम्हाला वाटलं, झालं तुमचं!" "नाही ना झालं. बाकावर बाई बसलीय, तिची गाडी आहे." त्या मुंबईच्या ऑपरेटरनं मग कुठला कॉल मागं सरकवला कोण जाणे. उन्हं कलली होती, गाडीला अजून अवकाश होता, आणि फोन लागला. खरोखर लागला.

लागल्याची खात्री करायला ऑपरेटरनं क्षणभर ऐकायचं असतं. मी क्षणभरापेक्षा थोडं जास्त ऐकलं, तुम्ही पाहिलंत आणि मान दुसरीकडे वळवलीत.

"म्या येऊ का?" ती इतक्या जोरात ओरडली की फोनची गरजच नव्हती.

पलीकडून पातळ, पण रागीट आवाज. "येऊ नोको! झालं आपरेशन. कपाशी येचून घे पैले."

"खाऊन राह्यले का काही?"

"पेज देऊन राह्यले. मीठच नाई तिच्यात."

तिनं फोन ठेवला, पदरानं तोंड पुसलं, आणि आपल्या दोघांना सांगितलं, "मीठ मांगून राह्यला. म्हंजे बरा हाये." मोताळ्याची शेवटची गाडी तिला मिळाली. जाताना पिशवीतून भाकरीचा तुकडा आणि मिरचीचा ठेचा काढून तुमच्या टेबलावर ठेवून गेली. आपण दोघांनी तो उभ्यानंच खाल्ला. त्या संध्याकाळी मी बीबीची गाडी धरली नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे तेवढं ठाऊक आहे. तुमची बदली झाली, मग तुम्ही अमरावतीला परतल्या, आणि तुम्ही गेल्याचं मला कोणीतरी दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलताना मध्येच सांगितलं. बोर्ड गेला, त्याच्या जागी आपोआप नंबर लावणारं यंत्र आलं, ज्याला 'नंबर?' विचारायची गरज पडत नाही. मी नोकरी सोडली, यंत्रांचाच धंदा धरला. आणि धंदा माझा स्वतःचा झाल्याबरोबर, गंमत पाहा, मीच पहिल्या दिवशी गिऱ्हाईकाला म्हणालो, "होऊन राह्यलं शेठ." नोकर असताना शिकलेलं माणूस मालक झाल्यावर विसरतो. वरती जो हिशेब लिहिला तो त्या वर्षांचा.

या आठवड्याच्या सुरुवातीला ऑफिसात एक मुलगी, गुणी, मोताळ्याकडचीच, टेबलाशी बसून टाइप करत होती. मी भिंतीपलीकडून तिची बोटं ऐकत होतो. ज्याचं काम चाललेलं असतं त्याची बोटं थांबतात, विचार करतात, परत चालतात. हिची थांबतच नव्हती. मध्ये मध्ये फोन वाजायचा आणि ती म्हणायची, "हो सर, होऊन राह्यलंय सर." मी जाऊन शेजारची खुर्ची ओढली.

"किती जणांची कामं आहेत गं अंगावर?"

ती सांगायला लागली. सांगता सांगता तिनं की-बोर्ड मागे लोटला. "काका, मी सोडते. मले नाही जमत हे. रात्री डोळे मिटले तरी तेच दिसते."

मी तिला तुमचं वाक्य सांगितलं. एक कानात, एक हातात, एक बाकावर. तिनं बाक म्हणजे काय विचारलं, तेव्हा सगळी गोष्ट सांगावी लागली. मग तिनं पुण्याच्या पार्टीला माझ्यासमोर फोन लावला. "सर, सोमवारी पूर्ण होणार नाही. बिलांचा भाग उद्या देते, बाकीचं पुढच्या आठवड्यात." तुमच्यासमोर खोटं कशाला लिहू, ते बाकीचं काम त्यांनी आमच्याकडून काढून घेतलं, दुसऱ्याला दिलं. पण बिलांचा भाग तिनं दुसऱ्या दिवशी दिला, नीट, एकही चूक नाही. फोन ठेवल्यावर तिनं डबा उघडला. दुपार उलटून गेली होती आणि सकाळपासून तो उघडलेला नव्हता. वरणाचा पहिला घास घेऊन म्हणाली, "आईनं मीठ जास्त टाकलं आज." माझ्या कानांना ते फार चांगलं लागलं एवढंच.

तिनं सोडलं नाही, सोमवारी येणार आहे. त्याच संध्याकाळी तिनं दुसऱ्या पोरांनाही तुमची गोष्ट सांगितली म्हणे, आपल्या पद्धतीनं, बरीच तिखटमीठ लावून. आता ऑफिसात कोणी 'होऊन राह्यलं' म्हणालं की बाकीचे ओरडतात, "कोणाचं? बाकावर कोण हाये?" ज्या बाईला त्यांनी पाहिलं नाही तिच्या शब्दांवर ही पोरं हसत हसत घरी जातात. तुम्हाला हे कळवायचं होतं.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, आणि टाकणारही नाही. तुमच्या अमरावतीच्या घराचा पत्ता मी कधी विचारलाच नाही. एक मात्र कबूल करतो, नाहीतर तुम्ही वरून मान हलवाल. आज रविवार आहे, बाई, आणि हे मी ऑफिसात बसून लिहितोय.